पोटातलं डाळिंब

तमिळ मुलखात ओरगडमच्या बाजूला कारखान्याची भिंत उभी राहिली, तेव्हा कनकाची मेंढरं कितीतरी दिवस त्या भिंतीपाशी जाऊन थांबायची. रोजच्या वाटेवर कुणीतरी आडवं काही टाकलंय आणि थोड्या वेळानं काढील, असं त्यांना वाटत असावं. कनका काठी आपटून त्यांना वळवायची. मेंढरांना कळलं नाही म्हणून हसायचं कारण नाही, गावातल्या माणसांनाही कळलं नव्हतं. भिंतीपलीकडचं माळरान सरकारी कागदात ओसाड होतं. गावाची जनावरं पिढ्यान् पिढ्या जिथं चरली ती जमीन ओसाड, आणि जिथं पत्र्याखाली गाड्यांचे सांगाडे जोडायचे ती कामाची. कागद लिहिणाऱ्याच्या दारात मेंढरू बांधलेलं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

राहिली ती एरी. गावच्या तळ्याला तिकडं एरी म्हणतात. पूर्वी जनावरं तिथं पाणी प्यायची आणि मागं फिरायची. माळावर कोरडं, खमंग गवत असताना चिखलात खूर रुतवायला कोण जाईल? आता एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला रोज रुंद होत चाललेला रस्ता, आणि मधे एरीचा काठ. दोन हजार आठच्या कार्तिकात वादळ झालं, एरी भरून बांधाला लागली. मग पाणी हळूहळू मागं सरलं, आणि जिथून सरलं तिथं पोपटी, लुसलुशीत गवत उठलं. मेंढरं त्यावर तुटून पडली. लोकर नसलेली, विटकरी केसांची ती मेंढरं त्या हिरव्यात लांबून उठून दिसायची. कनकाला वाटलं, बरं झालं, एवढं तरी आपल्यापुरतं राहिलं.

कनकाचं घर तंजावरच्या मराठ्यांचं. गावात त्यांना रावांचं घर म्हणत. सासरा नागोजी सांगायचा की आपले वाडवडील तंजावरच्या राजाच्या पागेत घोड्यांना चारा घालायचे. राज्य गेलं, घोडे गेले, चारा घालणं तेवढं राहिलं. घरात मराठी बोलत ते अर्धं तमिळच्या चालीवर चालायचं, पण नागोजीच्या मते खरं मराठी तेच, मुंबई-पुण्याचं सगळं नंतरचं. नवरा सुब्बा भिंत झाल्यापासून ठेकेदाराच्या हाताखाली कारखान्याच्या आवारात गवत कापायला जाई. बाप जिथं जनावरं चारायचा तिथंच आता हिरवळ लावली होती आणि सुब्बा ती यंत्रानं भादरत होता. काम कधी असे, कधी नसे. घर चालायचं ते मेंढरांवर.

आणि मेंढरांवरच कनकाचं घरात राहणं अवलंबून होतं. सुब्बाचा चुलतभाऊ अशोक शहरात, नुंगंबाक्कमला, एका बँकेत शिपाई होता. दिवाळीला तो सांगून गेला होता की त्याच्या साहेबांच्या घरी मराठी बोलणारी बाई हवी आहे. घरातच राहायचं, स्वयंपाक, भांडी, सगळं. साहेबीणबाईंना तमिळ बायकांशी जमत नाही. अशोक हे सांगत होता तेव्हा नागोजी आणि सुब्बा दोघंही कनकाकडं बघत होते. घोड्याची किंमत करणारे बघतात तसं.

कनकानं हातातलं ताकाचं भांडं खाली ठेवलं आणि म्हणाली, "मेंढरं हायत तोवर मी कोणाची भांडी घासणार नाही."

"मेंढरं हायत तोवर," नागोजी म्हणाला. विषय तिथं संपला. म्हणजे पुढं ढकलला गेला.

पोंगल झालं की या घरात तुळजाईला मेंढा पडायचा. देवीचा चांदीचा टाक तंजावरहून आणलेला, झिजून झिजून तिचं नाक गेलेलं. मेंढा घरच्या खांडातलाच, कळपातलाच असायचा आणि त्याचं पोट नागोजीच फाडायचा. याला ते पोट बघणं म्हणत. मोठी थैली केळीच्या पानावर उलटी करायची, पाण्यानं धुवायची, आणि आत काय आहे त्यावरून वर्षाचं समजायचं. काही नसलं तर वर्ष साधं. केसांचा गोळा निघाला तर आजारपण. जे दिसलं ते पुढचा मेंढा पडेपर्यंत उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही. बाहेर बोललं की देवी दिलेलं परत घेते. सुब्बानं, त्याच्या बापानं, आज्यानं, कुणीही हे कधी मोडलं नव्हतं.

त्या वर्षी नागोजीनं थैली उलटी केली आणि त्याचा हात थांबला. आतल्या खरबरीत अस्तरावर लालगुलाबी दाणे खेटून बसले होते. डाळिंब फोडल्यावर दिसतात तसे, टपोरे, ओले. नागोजीनं एक नखानं ओढला. तो सहज निघेना, अस्तर ताणलं जाऊ लागलं. निघाला तेव्हा कनकाला वाटलं, तळहातावर दाण्यानं अंग आखडून घेतलं. पण म्हाताऱ्याचा हातच कापत होता, त्यामुळं तिनं आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही.

"डाळिंब," नागोजी म्हणाला. "माझ्या आज्यानं एकदा बघटलं होतं. मला सांगटलं होतं. आईनं पोट भरलंय."

चार दाणे त्यानं टाकापुढं ठेवले. सुब्बा पाया पडला. कनकाही पडली. भिंत, रस्ता, अशोकचा निरोप, या सगळ्याला देवीनं दिलेलं हे उत्तर आहे असं तिला त्या वेळी खरोखर वाटलं, आणि पुष्कळ दिवसांनी तिला पोटभर रडू आलं. नागोजी उठताना सगळ्यांकडं बघून म्हणाला, "उगी असा."

उगी. इतरत्र रडणाऱ्या पोराला थोपटताना म्हणतात तो हा शब्द. या घरात त्याचा अर्थ एकच होता. तोंड शिवा.

मासीच्या, म्हणजे माघ-फाल्गुनाच्या महिन्यात कोकरं ढाळू लागली.

आधी दोन, मग पाचसात. शेण नव्हेच ते, पाणी. हिरवट, नंतर तपकिरी, आणि वास असा की कनकाला लुगड्याचा पदर नाकाला लावल्याशिवाय गोठा झाडता येईना. शेपट्या चिकटून कडक झालेल्या. ती कोमट पाण्यानं एकेकाची शेपटी भिजवायची, बोटानं मोकळी करायची, राख लावायची, आणि संध्याकाळी पुन्हा तेच. कोकरं पाण्यावर जाऊन उभी राहायची आणि हटायची नाहीत, प्यायची, प्यायची आणि उभ्या उभ्या मागून सोडायची. मोठ्या मेंढ्यांचं वेगळं. दिवसभर मान खाली घालून चरून आल्या की त्यांच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायची. कनका अंगठ्यानं दाबायची तर खळगा पडायचा आणि तसाच राहायचा, मळलेल्या कणकेत पडावा तसा. सकाळी ती सूज उतरलेली असायची. मग तिला वाटायचं, उतारा पडला.

नागोजी ओट्यावरून बघायचा. त्याचं म्हणणं, डाळिंब रसाला आलंय, पोटं धुऊन निघतायत, घाबरू नका. तो हे इतक्या शांतपणे सांगायचा की सुब्बाला ते पटायचं. पटलं नाही तरी पटवून घेणं सोयीचं होतं, दिवसभर यंत्र ढकलून आलेल्या माणसाला आणखी एक काळजी परवडत नाही.

कनकानं तिला जे येत होतं ते केलं. जी मेंढरं उठेनात त्यांना खाणं आणून घालायला हवं. ती सकाळी विळा घेऊन एरीत शिरायची, गुडघाभर पाण्यात. वरवरचं पिवळं गवत तिनं कधी कापलं नाही, आजाऱ्याला ते कसं घालणार? पाण्याखाली हात घालून, बुडख्याशी विळा लावून ती सगळ्यात कोवळं गवत कापायची. पायाला जळवा लागायच्या. गवताच्या बुडाशी मसुरीएवढ्या गोगलगाई चिकटलेल्या असायच्या, त्या ती झटकून टाकायची. ओला भारा डोक्यावर घेऊन यायची तेव्हा पाठीवरून पाणी ओघळून लुगडं अंगाला चिकटायचं आणि रस्त्यावर डांबर टाकणारे मजूर एकमेकांना कोपरानं ढोसायचे. ती सरळ बघत चालायची. घरी येऊन एकेकाच्या तोंडात मूठमूठ घालायची. चेंबी नावाची तिची लाडकी मेंढी होती, तांब्याच्या भांड्यासारखा रंग म्हणून चेंबी, गाभण होती. तिला पहिली मूठ मिळायची. ती कनकाच्या हातातून खायची आणि खाऊन झाल्यावर हात चाटायची.

कोकरं मरायला लागली तेव्हा कनकानं सुब्बाला जनावरांच्या दवाखान्यात ओढून नेलं. एक कोकरू तिच्या कडेवर, पातळ धार तिच्या कमरेवरून वाहत होती. बाकावर बसलेल्या बाया सरकून बसल्या. डॉक्टर तरुण होता, पाच गावांना एकटा. त्यानं कोकराची पापणी उलटी करून बघितली, पांढरीफटक होती. पूचि असणार म्हणाला, पोटात जंत. कुठले ते बघायला शेण तपासायचं तर यंत्र बिघडलेलं. मग त्यानं विचारलं की इतक्यात घरात एखादं जनावर कापलंत का, आणि कापलं तेव्हा पोटात काही दिसलं का, लाल, पांढरं, काहीही.

सुब्बानं कनकाकडं बघितलं. कनकानं स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडं. डाळिंब जिभेवर येऊन बसलं होतं. नागोजीचा चेहरा तिला दिसत होता, टाकापुढचे चार दाणे दिसत होते, आणि आणखी एक गोष्ट दिसत होती. या मेंढरांवरून देवीनं हात काढून घेतला तर ती तिच्या बोलण्यानं काढला, असं आयुष्यभर ऐकावं लागेल.

"काही नव्हतं, सार," ती म्हणाली.

डॉक्टरनं मान हलवली आणि पांढरं औषध दिलं. ते सगळ्या जंतांना देतात. त्याच्या हातात तेच होतं, आणि त्याला वेगळं काही मागवायला कुणी कारण दिलं नव्हतं.

बांबूच्या नळीनं औषध पाजायचं काम दोन दिवस चाललं. कनका मेंढरू दोन गुडघ्यांत दाबायची, सुब्बा जबडा उघडून नळी गालातून घशाकडं सारायचा. मेंढरं ठसकायची, औषध नाकातून परत यायचं, दोघांच्या अंगावर पांढरे शिंतोडे. कनकाच्या मांड्यांवर खुरांचे निळे वळ उठले. नागोजी ओट्यावरून उठून आत गेला, टाकापुढं बसला आणि दोन दिवस बाहेर आला नाही. देवीनं दिलेल्या डाळिंबावर औषध ओतणं त्याला मान्य नव्हतं, पण त्यानं अडवलं नाही. अडवलं असतं तर पुढं दोष द्यायला जागा राहिली नसती.

काही मेंढरांनी चार दिवस डोकं वर काढलं. मग पुन्हा तेच. आता मोठीही जाऊ लागली. सकाळी दार उघडलं की आतून एक वेगळीच शांतता यायची आणि कोण गेलं ते कनकाला शिरण्याआधी कळायचं. सुब्बा एरीच्या बांधामागं खड्डे खणायचा. जमीन ओली, खड्ड्यात पाणी भरायचं, मेंढरू खाली जायच्या ऐवजी वर तरंगायचं. त्याला पायानं दाबून वर माती लोटावी लागायची. कनका तेव्हा तोंड फिरवून उभी राहायची.

ती जिथं कापत होती त्याच काठावर दुसऱ्यांचीही मेंढरं होती, आणि तीही ढाळत होती. पण कुणी कुणाला सांगत नव्हतं. ज्याचं आजारी त्याचं विकलं जात नाही.

एके दिवशी सकाळी चेंबी गेली, पोटातल्या कोकरासकट. तिची जबड्याखालची सूज या वेळी उतरली नव्हती. कनका तिच्याजवळ बराच वेळ बसली. मग तिनं जे केलं ते या घरात कुणी केलं नव्हतं. सुब्बा कामावर गेला होता, नागोजी आंघोळीला विहिरीवर. तिनं चेंबीला पोत्यात घातलं, सायकलच्या कॅरिअरला बांधलं आणि सायकल ढकलत दवाखान्यात गेली. सायकल तिला चालवता येत नव्हती. मेंढीचं ओझं सारखं एका बाजूला कलायचं आणि ती खांद्यानं त्याला टेकू देत राहिली.

डॉक्टरला म्हणाली, फाडून बघा.

दवाखान्यामागच्या लिंबाखाली डॉक्टरनं चेंबी फाडली. आधी थैली. तेच दाणे, मेंढ्यात होते त्याहून जास्त, लालगुलाबी, चिकटून बसलेले. मग त्यानं आतड्याचा वरचा भाग चिरला. तो भाग सुजून जांभळा झाला होता, आणि आतल्या कातडीत तिळाएवढे असंख्य कण रुतून बसलेले. त्यानं एक चिमट्यानं उचलून तळहातावर ठेवला आणि तिच्यापुढं धरला. तो हलत होता. या वेळी हात कापत नव्हता.

"हेच ते. लहान असताना आतडं कुरतडतात, तेव्हा जनावर मरतं. मोठे झाले की वर थैलीत येऊन असे दाण्यासारखे बसतात, तेव्हा फार त्रास देत नाहीत." मग त्यानं विचारलं, "हे आधी कधी बघितलं होतंस?"

"बघितलं होतं. पोंगलच्या मेंढ्यात."

"मी विचारलं तेव्हा नाही म्हणालीस."

"घरातलं होतं, सार."

डॉक्टरनं हात धुतले, साबण लावून पुन्हा धुतले. पांढरं औषध या पूचिला नीट लागत नाही, म्हणाला. याचं वेगळं आहे. इथं शिल्लक नाही, वर मागणी करायला लागेल, येईल तेव्हा येईल. आधी माहीत असतं तर आधी केली असती. तो रागावला नव्हता. रागावला असता तर कनकाला बरं वाटलं असतं.

मग त्यानं सांगितलं की हे येतं कुठून. पाण्यातल्या बारीक गोगलगाईंतून. त्यांच्यातून सुटून हे गवताला चिकटतं, पाण्याजवळच्या गवताला, बुडाशी. गोगलगाय झटकली तरी ते राहतं. डोळ्याला दिसत नाही. जनावर ते खातं.

"कोवळ्या गवताला?" कनकानं विचारलं.

"जास्त करून पाण्यात असतं त्याला. का?"

"जी उठत नव्हती त्यांना कापून घालत होते. रोज."

डॉक्टरनं फाडलेल्या चेंबीवर पोतं ओढलं. एरीच्या काठाला आता अजिबात नेऊ नकोस, एवढंच म्हणाला.

"मग कोठं नेऊ, सार?"

लिंबाखालून कारखान्याची भिंत दिसत होती. डॉक्टरनं तिकडं बघितलं, मग घड्याळाकडं बघितलं, आणि बाहेर बसलेल्या पुढच्या माणसाला हाक मारली.

घरी आल्यावर चेंबीच्या पोटात काय निघालं ते तिनं नागोजीपासून लपवलं नाही. लपवून झालंच होतं पुष्कळ. नागोजी ऐकत राहिला. शेवटी तो म्हणाला, "आईनं भरलेलं पोट तू परक्याच्या सुरीखाली दिलंस. आता अस्की जातील." अस्की म्हणजे सगळी. त्या दिवसापासून त्यानं कनकाच्या हातचं पाणी घेणं सोडलं. स्वतः विहिरीवर जायचा, अर्धी कळशी सांडत यायचा, आणि गावानं ते बघावं म्हणून सावकाश यायचा. मेंढरं चिखलातल्या किड्यानं मेली ही गोष्ट त्या घरात कायमची संपली. मेंढरं कनकानं मारली.

तिनं एरीवरच्या दुसऱ्या मेंढपाळांना जाऊन सांगितलं. पोटं फाडून बघा, लाल दाणे असतील, तो देव नव्हे, रोग आहे. त्यांनी ऐकून घेतलं आणि आपली मेंढरं तिच्यापासून लांब हाकली. एक म्हातारी म्हणाली, "तुझ्या घरची पीडा आमच्या पोटात कशाला बघतेस, मा?" दुसऱ्या दिवशीही ती मेंढरं काठावरच होती. दुसरीकडं जागाच नव्हती, तर ऐकून तरी काय करणार होते.

उरलेली थोडी मेंढरं कनकानं अंगणात बांधून घातली. घालायला कोरडं गवत हवं होतं. कोरडं, उंचावरचं, पाणी न लागलेलं गवत सगळ्या गावात एकाच ठिकाणी होतं. भिंतीच्या आत. सुब्बा रोज ते कापायचा आणि कापलेलं पोत्यांत भरून आवाराच्या कोपऱ्यात टाकायचा, तिथं ते कुजायचं. आतलं काही बाहेर न्यायचं नाही असा नियम होता. गवतही काहीतरीच होतं.

सुब्बा भित्रा माणूस. पण त्या दिवसांत रात्री जेवताना तो मेंढरांकडं बघायचा आणि घास तोंडात तसाच ठेवायचा. एक दिवस म्हणाला, संध्याकाळी मागच्या फाटकाशी ये, पोतं उचलायला. एवढंच. कनकानं मान हलवली. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यानं तिच्यासाठी केलेली एवढीच एक गोष्ट असावी, आणि ती त्याला करता आली नाही.

कनका फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला उभी होती. ट्रक एकामागून एक जात होते, धूळ तिच्या डोळ्यांत. पाळी सुटली. निळ्या कपड्यांतली माणसं रांगेनं बाहेर पडली. सुब्बा शेवटी होता, पोतं खांद्यावर. फाटकावरचा रखवालदार गावातलाच मुलगा, लहानपणी सुब्बाच्या मेंढरांमागं धावलेला. त्यानं सुब्बाला थांबवलं. पोतं खाली ठेवायला लावलं, मग उपडं करायला लावलं. गवत डांबरावर पसरलं, पातळ, पिवळसर, वाळून हलकं झालेलं. त्याचा वास कनकापर्यंत आला. माळाचाच वास होता तो.

मग सुब्बाला ते हातानं गोळा करायला लावलं. बायकोसमोर. तो उकिडवा बसला आणि ओंजळीनं भरू लागला. निळ्या कपड्यांतली काही माणसं बघायला थांबली, बरीच थांबली नाहीत. रखवालदार हळू आवाजात म्हणाला, "वर कॅमेरा हाय अण्णा. मी काय करू." खरंही होतं. वर कॅमेरा होता.

आत जायचा पास काढून घेतल्यावर सुब्बा बाहेर आला आणि कनकाकडं न बघता चालू लागला. ती मागं राहिली. वाऱ्यानं थोड्या काड्या फाटकाच्या पट्टीखालून बाहेर आल्या होत्या. तिनं वाकून त्या वेचल्या. ट्रकवाला हॉर्न देत होता. मूठभर झाल्या तेव्हा ती उठली.

दुसरं औषध वैशाखात आलं. तोवर अंगणातली दोरी बरीचशी मोकळी झाली होती. कनकानं एकटीनंच पाजलं, सुब्बा त्या वेळी कुठंतरी रस्त्याच्या कामावर दगड उचलत होता. त्या औषधानं खरंच ढाळ थांबली. जी वाचली ती वाचली, बरगड्या मोजाव्यात अशी, पण उभी. आता ती भुकेनं ओरडायची. अंगणात गवताची काडी नव्हती. कनका दोन दिवस तसंच ऐकत राहिली, तिसऱ्या दिवशी दोरी सोडली. मेंढरं आपसूक एरीच्या वाटेला लागली, आणि तिनं त्यांना अडवलं नाही. ती मागून चालत राहिली आणि मेंढरं पाण्याकाठी मान खाली घालून खाताना बघत राहिली. औषध दिलेल्या पोटात पुन्हा तेच चाललं होतं. तिला ते ठाऊक होतं. जन्मात पहिल्यांदा एखादी गोष्ट तिला इतकी पक्की ठाऊक होती, आणि तिचा तिला काडीचाही उपयोग नव्हता.

व्यापाऱ्याला सुब्बानंच बोलावलं. त्यानं मेंढरांच्या पाठी चाचपल्या, चेहरा वाकडा केला, आणि पाय बांधून ऑटोत टाकली. एक मेंढरू मागं वळून ओरडत राहिलं, वळणापर्यंत. नागोजी ओट्यावर नव्हता. तो टाकापुढं बसून होता, कारण आता तेवढंच राहिलं होतं.

त्याच आठवड्यात अशोक आला. त्याला कुणी बोलावलं होतं ते कनकानं विचारलं नाही. तिनं ट्रंकेत दोन लुगडी घातली. निघताना ती नागोजीच्या पाया पडायला वाकली, त्यानं पाय मागं घेतले. सुब्बा बसस्टॉपपर्यंत आला, ट्रंक त्याच्या डोक्यावर. बस यायला वेळ होता. तो म्हणाला, "तिकडं जेवायला तरी मिळेल." तिनं विचारलं, "तुमचं?" त्यानं डोक्यावरची ट्रंक सरळ केली.

नुंगंबाक्कमचं घर चौथ्या मजल्यावर. साहेबीण विद्युलताबाई वाईट नव्हत्या. त्यांनी कनकाला पहिल्याच दिवशी एक जुना पंखा दिला आणि झोपायला स्वयंपाकघरामागची खोली दिली. फक्त एक होतं, कनकानं काही म्हटलं की त्यांना हसू यायचं. त्या वाईट हसायच्या नाहीत. त्यांना ते खरंच गोड वाटायचं. कनका "अस्की भांडी धुतलों" म्हणाली की त्या नवऱ्याला हाक मारून ऐकवायच्या. अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वीचं मराठी आहे हे, म्हणायच्या. म्युझियममधलं.

ज्येष्ठात एका रविवारी त्यांनी मराठी मंडळातल्या चारपाच जणी जेवायला बोलावल्या. पुरणपोळी झाली, कनकानं वाढली. जेवताना विद्युलताबाई म्हणाल्या, कनका, जरा यांना बोलून दाखव ना. काहीही बोल. तुझ्या गावाचं सांग, तुझ्याकडं मेंढ्या होत्या ना, त्यांचं सांग.

कनका हातात तुपाची वाटी घेऊन उभी होती. सगळ्यांची तोंडं तिच्याकडं वळली होती, हसायला तयार. ती बोलू लागली. आधी अडखळत, मग न थांबता. कोकरं ढाळायची ते सांगितलं. शेपटी कशी चिकटते, जबड्याखाली पाणी कसं लोंबतं, बोट दाबलं की खळगा कसा राहतो. एरीत उतरून आपल्या हातानं आपण त्यांना काय कापून घातलं. डॉक्टरनं विचारलं तेव्हा आपण काय म्हणालो. चेंबीच्या पोटातून काय निघालं आणि कोकरू आत कसं निजल्यासारखं होतं. जे तिनं नवऱ्याला, सासऱ्याला, गावाला सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. आवाज चढला नाही. तमिळच्या चालीवर, हेल काढत, आजीपणजीच्या शब्दांत ती सांगत गेली आणि सांगता सांगता तिच्या हातातलं तूप थिजलं.

ती थांबली.

मग एक जण म्हणाली, "अगं, किती गोड. मला अर्धं कळलं नाही, पण ऐकतच राहावंसं वाटतं."

"हेल बघ ना," दुसरी म्हणाली. "गाणं म्हटल्यासारखं."

विद्युलताबाईंचा चेहरा अभिमानानं फुलला होता. "अजून बोल ना, कनका," त्या म्हणाल्या.

कनकानं रिकामी ताटं एकात एक रचली, आत गेली आणि नळ पूर्ण सोडला.